पडदे, खिडक्यांचे : आधुनिक घरासाठी निवड

खिडकीतून येणारा उजेड, ऊन, वारा, धूळ आणि बाहेरची नजर यांतले हवे तेवढेच आत यावे म्हणून आतल्या बाजूने टांगलेले कापड म्हणजे खिडकीचा पडदा. कापडाच्या जागी आडव्या-उभ्या पट्ट्या किंवा गुंडाळी असेल तर त्याला ब्लाइंड म्हणतात आणि बांबूच्या काड्या असतील तर चिक. निवडीचे निकष मात्र सर्वांना जवळपास सारखेच लागतात. शहरी फ्लॅटमध्ये पडदे बहुधा सर्वांत शेवटी घेतले जातात, रंगकाम आटोपल्यावर आणि सोफा आल्यावर. मग ते सोफ्याच्या रंगावरून ठरतात. हा क्रम उलटा आहे. आधी खिडकीची दिशा पाहावी, मग कापड, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांना कापडी पडद्यांची फारशी गरज नव्हती. भिंती जाड, खिडक्या लहान आणि त्यांना लाकडी झडपा असत. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे टांगून त्यांवर पाणी शिंपडले जाई आणि त्यांतून येणारा वारा गार होई. मुंबईच्या चाळीत खिडकीपेक्षा दाराच्या पडद्याला मान होता. वाऱ्यासाठी दार दिवसभर उघडे राही, तेव्हा गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून आडोसा पडद्याचाच. दोन खिळ्यांमध्ये ताणलेली, प्लास्टिकचे आवरण असलेली स्प्रिंग आणि तिच्यावर जुन्या साडीचा पडदा ही व्यवस्था अनेक घरांनी वर्षानुवर्षे वापरली. एकाच खोलीत थोरल्या भावाचा आणि नवविवाहित धाकट्याचा संसार सुरू झाला की मध्ये पडणारी भिंतही कापडाचीच असे.

काच मोठी झाली आणि पडद्याचे काम वाढले. चेक प्रजासत्ताकातील बर्नो शहरात वास्तुविशारद लुडविग मीस व्हान डर रोहे यांनी बांधलेले तुगेंधाट कुटुंबाचे घर 1930 मध्ये पूर्ण झाले. तिथे दिवाणखान्याला बागेच्या बाजूने जवळजवळ अखंड काच आहे. त्यांच्या सहकारी लिली राइश यांच्या सहभागातून तिथे रेशमाचे आणि मखमलीचे पडदे योजले गेले. ते काच झाकत आणि मोठ्या मोकळ्या जागेचे हवे तसे भागही पाडत. आजच्या टॉवरमधल्या फ्रेंच विंडोचे गणित तेच आहे: भिंतीच्या जागी काच आली, तेव्हा भिंतीची कामे पडद्याकडे आली.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवण्याचे उदाहरण म्हणजे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरील कांचनजंगा इमारत (1983). मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना उचलली आणि कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवून राहण्याच्या खोल्या आत घेतल्या. ज्या इमारतींत असे छज्जे-व्हरांडे राहिले नाहीत, तिथे ते काम आतून, आणि म्हणून थोडे अपुरेच, पडद्याला करावे लागते.

अपुरे का, याचे कारण काचेत आहे. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. त्याने तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी सहज बाहेर पडत नाही. गडद पडदा ऊन शोषून स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काचेकडची बाजू पांढरी असेल तर बराच प्रकाश आल्या वाटेने परत जातो. मध्यम रंगाच्या, मागून पांढऱ्या प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पडद्यांनी खिडकीतून येणारी उष्णता 33 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. म्हणून पश्चिमेच्या शयनगृहाला पडद्याचा खोलीकडचा रंग कोणताही असो, मागचे अस्तर पांढरे किंवा फिकट हवे. बाल्कनी असेल तर तिच्या बाहेरच्या कडेला सोडलेली साधी बांबूची चिक आतल्या महागड्या पडद्यापेक्षा खोली जास्त गार ठेवते, कारण ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडते.

दिशेचा हिशेब गावागणिक थोडा बदलतो. पूर्वेचे ऊन सकाळचे आणि सुसह्य असते. तिथे पातळ सुती कापड पुरते, मात्र उशिरा उठणाऱ्यांना किंवा रात्रपाळीवाल्यांना जाड थर लागतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन हिवाळ्यात खोलवर येते. डिसेंबरअखेरीस मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. उत्तरेची खिडकी सावलीची समजली जाते, पण मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेकडूनही शिरते. विदर्भात उन्हाळ्यात एक खिडकी कूलरच अडवतो. तिचा पडदा कूलरच्या झोतात येऊ नये आणि ओलही धरू नये, म्हणून तो आखूड किंवा पूर्ण बाजूला सरकणारा हवा.

उजेडाइतकाच महत्त्वाचा प्रश्न नजरेचा. समोरची इमारत पंचवीस-तीस फुटांवर असेल तर नुसत्या पातळ पडद्यावर विसंबू नये. जाळीदार कापडातून दिवसा बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. दिवे लागले की हे नाते उलटते. त्यासाठी दुहेरी दांडीची पद्धत रूढ झाली आहे: काचेकडे पातळ शीअर किंवा जाळीदार नेट, खोलीकडे जाड पडदा. दोनच खिडक्यांसाठी खर्च करता येत असेल तर तो शयनगृहाच्या आणि समोरच्या बिऱ्हाडाला थेट दिसणाऱ्या खिडकीवर करावा.

‘ब्लॅकआउट’ या नावाने बरेच काही विकले जाते. हे नाव युद्धकाळातले: तेव्हा विमानहल्ल्याच्या भीतीने घरातला उजेड बाहेर जाऊ न देण्याची सक्ती असे. ब्रिटनमध्ये ती सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झाली, आणि 1971 च्या युद्धात मुंबईकरांनीही काचांवर कागद चिकटवले होते. आता काम उलट आहे, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आत येऊ द्यायचा नाही. बाजारात या नावाखाली दोन प्रकार मिळतात. एकात मागे रबरासारखा लेप असतो, दुसऱ्यात तीन पदरांच्या विणीत मधले सूत काळे असते. लेपाचा पडदा उजेड जवळजवळ पूर्ण अडवतो, पण वारंवार धुऊन आणि घड्या पडून लेप तडकू शकतो. तीन पदरी कापड अंगाने मऊ, धुवायला सोपे आणि फिकट रंगात किंचित उजेड सोडणारे. दुकानात कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरला की फरक लगेच कळतो. पडदा दांडीच्या वर आणि बाजूंना उघडा राहिला तर सर्वोत्तम कापडही उपयोगाचे नाही, कारण उजेड फटींतून येतो.

कापड निवडताना हवामान विसरता येत नाही. कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा हवेतून घेतो, लिनन त्याहून जास्त, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जून ते सप्टेंबरच्या कोकणात आणि मुंबईत हा फरक नाकाला कळतो. सुती पडद्याला कुबट वास येतो आणि भिंतीला टेकलेल्या कडेवर काळे ठिपके पडतात. ब्रिटनमध्ये 1941 मध्ये शोध लागलेले आणि आपल्याकडे टेरिलीन म्हणून ओळख झालेले पॉलिएस्टर या कारणाने किनारपट्टीच्या घरांत टिकते. सुताचा पोत, त्यातून गाळून येणारा उजेड आणि त्याची पड कृत्रिम धाग्याला सहसा साधत नाही, हेही तितकेच खरे. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा तुलनेने कोरड्या हवेच्या गावांत सुती किंवा सुती-लिनन मिश्र कापड निःशंक घ्यावे. रेशीम सर्वांत देखणे, पण उन्हात ते विटते आणि धागा ठिसूळ होतो. अस्तराशिवाय ते खिडकीला लावू नये.

मापात सर्वाधिक पैसा वाया जातो. पडद्याला चुण्या सुंदर पडायच्या तर कापडाचा घेर दांडीच्या दुप्पट तरी हवा. खिडकी 6 फूट रुंद असली तर दांडी दोन्हीकडे सहा-सहा इंच पुढे न्यावी, म्हणजे उघडलेला पडदा काचेऐवजी भिंतीवर थांबतो. दांडी झाली 84 इंच, घेर 168 इंच. पडद्याच्या कापडाचा नेहमीचा पन्हा 48 इंच, तेव्हा साडेतीन म्हणजे चार पट्टे लागतात. दांडीपासून जमिनीपर्यंत 8 फूट आणि वर-खाली दुमडीला 12 इंच धरले की एक पट्टा 108 इंच, साधारण पावणेतीन मीटर. एकूण 11 मीटर. मोठी नक्षी असेल तर ती सर्व पट्ट्यांवर एका रेषेत यावी म्हणून दर पट्ट्याला आणखी एका नक्षीएवढे कापड धरतात. तयार पडदे 5, 7 आणि 9 फूट लांबीत आणि बहुधा 4 फूट रुंदीत मिळतात. या खिडकीला त्यांची एक जोडी लावली तर कापड जेमतेम पुरते आणि चुणी उरतच नाही. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात तीन टक्के आटले तरी 108 इंचांत तीन इंचांहून अधिक तूट येते. ते आधी भिजवून, वाळवून मगच शिवायला द्यावे.

लांबीबाबत परदेशी मासिकांतली जमिनीवर लोळणाऱ्या पडद्याची छायाचित्रे इथे कामाची नाहीत. आपल्या घरांत रोज केर निघतो आणि लादी पुसली जाते, त्यामुळे तळ जमिनीपासून अर्धा इंच वर असणे चांगले. खाली पलंग किंवा बसण्याचा कट्टा असेल तर पडदा चौकटीखाली सहा इंचांवर संपवावा, किंवा घड्या घेत वर जाणारे रोमन ब्लाइंड घ्यावे.

टांगण्याची पद्धत खोलीचा चेहरा ठरवते. वरच्या कडेला कड्या बसवलेला आयलेटचा पडदा दांडीवर सहज सरकतो आणि घरी काढता-घालता येतो. चुण्या शिवून हुकांनी ट्रॅकवर लावलेला पडदा बाजूला घेतल्यावर कमी जागा व्यापतो आणि छताजवळच्या पेल्मेटमध्ये लपतो, त्यामुळे खोली उंच वाटते. मायवान पद्धतीच्या नव्या इमारतींत भिंती अखंड काँक्रीटच्या असतात आणि साध्या ड्रिलने भोक पडत नाही. हॅमर ड्रिल लागते. दांडी लांब असेल तर मध्ये आधार हवा, नाहीतर वर्षभरात ती पोटात वाकते.

रंगासाठी दुकानातल्या प्रकाशावर विश्वास ठेवू नये. हातभर तुकडा घरी आणून त्याच खिडकीत सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. पिवळसर एलईडीखाली राखाडी रंग उबदार दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली तोच निळसर होतो. ‘आवाज अडवणारा’ म्हणून विकला जाणारा जाड पडदा खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो. रस्त्यावरचा हॉर्न मात्र तो फारसा थांबवत नाही. त्यासाठी खिडकीच्या फटी आणि काच बघावी लागते.

स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खिडकीला लोंबता पडदा लावूच नये. सुती कापड झटकन पेटते आणि पॉलिएस्टर वितळून ठिबकते. तिथे पुसता येणारे ब्लाइंड किंवा काचेला दुधी फिल्म पुरे.

लहान मुले असलेल्या घरात ब्लाइंडची लोंबणारी दोरी हा खरा धोका आहे, कारण तिचा फास मुलाच्या गळ्याभोवती बसू शकतो. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेतील मानकाने डिसेंबर 2018 पासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना मोकळ्या दोऱ्या ठेवण्यास मनाई केली. भारतात खरेदी करताना दोरीविना चालणारा प्रकार मागून घ्यावा. साखळीचाच घ्यावा लागला तर ती भिंतीला ताणून बसवणारी क्लिप त्याच दिवशी लावून घ्यावी आणि पाळणा किंवा मुलाचा पलंग त्या खिडकीपासून दूर ठेवावा.