ॲसिडिटी, आतडी आणि रेल्वेचे डॉक्टर

अंधेरीतल्या आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव होतं : ॲसिडिटी. अब्बा रेल्वेत होते. ड्यूटी कधी पहाटे, कधी रात्री. पोट बिघडलं की इनो. पुढे शौचातून रक्त जायला लागलं, तर म्हणाले, उष्णता असेल, फार तर मूळव्याध. सहा महिने असेच गेले. गाठ निघाली मोठ्या आतड्यात. अम्मीने विचारलं, “ॲसिडिटीनेच झालं का रे हे?”

उत्तर शोधताना मी अब्बांच्याच पश्चिम रेल्वेत येऊन पोहोचलो! तिथले मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा. देशभरातून आलेले, निरनिराळं जेवणारे रेल्वे कर्मचारी म्हणजे त्यांच्यासाठी चालता-बोलता नकाशाच. 1967 साली ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी भारतातल्या पचनसंस्थेच्या कर्करोगांचा प्रांतवार अभ्यास मांडला. 1963 साली सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीमुळे अशा कामाला आकड्यांचा आधार मिळू लागला होता. 1982 मध्ये मल्होत्रांनी थेट शौचाचा सामू मोजला. उत्तरेकडच्या, विशेषतः पंजाबी लोकांत हा कर्करोग कमी. दक्षिणेत तो जास्त, आणि शौचही अधिक अल्कधर्मी. इंग्लंडमध्ये थॉर्नटन यांनी 1981 साली ‘लॅन्सेट’मध्ये असाच तर्क मांडला होता.

म्हणजे अम्मीच्या प्रश्नाच्या अगदी उलट. जठरातलं जळजळीत आम्ल वेगळं, मोठ्या आतड्यातला सौम्य आंबटपणा वेगळा. भाजी, डाळ, भाकरीतला चोथा तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आतड्याच्या अस्तराचं त्यावर पोषण होतं. शिवाय आम्ल वातावरणात पित्तरसाचं घातक रूपांतर मंदावतं.

तरी हा पुरावा नव्हे. पंजाब आणि दक्षिण यांच्यात फरक काय एकट्या सामूचा आहे? आणि शौच म्हणजे प्रवासाचं शेवटचं स्टेशन. आंबण्याचं बरंचसं काम आतड्याच्या सुरुवातीलाच उरकलेलं असतं. चोथ्याची बाजू आज भक्कम आहे, सामूची अजून तर्कापुरतीच. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक आणि लाल मांस बहुधा कर्करोगकारक ठरवलं. आमच्या घरात ही बातमी कुणाला फारशी आवडली नाही.

अम्मीला मी एवढंच सांगितलं, “ॲसिडिटीने नाही झालं.” ती म्हणाली, “मग सहा महिने इनो कशाला दिला मी?”