सरळ उभी जास्वंद

वनस्पतींच्या नांवांत जुन्या चुका जितक्या चिवटपणें टिकून राहतात, तितक्या राजवंशांच्या वंशावळींतही राहत नसतील. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत जास्वंदीच्या कुळांतील दोन झुडपांस नांवें दिलीं. आपण गणपतीस वाहतों त्या तांबड्या जास्वंदीस ‘चिनी गुलाब’ या अर्थाचें नांव मिळालें. दुसरी सिरियाकडील असावी अशा समजुतीनें तीस ‘सिरियाची’ म्हटलें गेलें. वास्तविक ही दुसरी जास्वंद मूळची पूर्व आशियांतील. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्लंडांतील बागांत वाढत होती, आणि पुढें इंग्रजी बोलणाऱ्यांनीं तिला बायबलांतील ‘शॅरनचा गुलाब’ हें नांव बहाल केलें. ती गुलाबही नव्हे आणि शॅरनचीही नव्हे. पण नांवें चिकटलीं तीं चिकटलींच.

चीनच्या अतिप्राचीन ‘शीजिंग’ या काव्यसंग्रहांत एका तरुणीच्या मुखास ज्या फुलाची उपमा दिली आहे, तें हेंच असें मानितात. जपानांत चहापानाच्या विधींत त्यास मान असून, पांढऱ्या पाकळ्यांच्या व तांबड्या मध्याच्या एका जातीस चहाचार्य सेन नो सोतान याचें नांव आहे. परंतु या झुडपाच्या इतिहासाचा खरा जिव्हाळ्याचा भाग कोरियांत घडला.

कोरियन लोक यास ‘मुगुंग्ह्वा’, म्हणजे अनंत फुलणारें फूल, असें म्हणतात. एकेक फूल सकाळीं उमलतें व सायंकाळपर्यंत मिटून जातें. परंतु दुसऱ्या दिवशीं शेजारची कळी उमलते, आणि हा क्रम उन्हाळ्यापासून शरदापर्यंत चालतो. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता. त्या काळांत हें फूल स्वत्वाची खूण बनलें. पत्रकार व शिक्षक नामगुंग ओक हे १९१८ सालीं राजधानी सोडून होंगचन येथील खेड्यांत जाऊन राहिले. तेथें त्यांनीं शाळा काढली, मुगुंग्ह्वाचीं रोपें वाढविलीं आणि तीं लोकांस वांटलीं. १९३३ सालीं त्यांस अटक झाली आणि रोपें नष्ट करण्यांत आलीं. त्या वेळीं ते सत्तरीच्या घरांत होते. १९३९ सालीं त्यांचें निधन झालें. कुंपणाच्या झुडपाचें सरकारला भय वाटावें, यांत त्या सरकारचीच दुर्बलता दिसते. आज दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीतांत हें फूल आहे.

आतां या झुडपाच्या एका नव्या रूपाविषयीं. साधें झुडूप जितकें उंच, जवळजवळ तितकेंच पसरट होतें. लहान अंगणांत तें मावत नाहीं. म्हणून अलीकडे अरुंद, खांबासारख्या जाती बाजारांत आल्या. ‘पर्पल पिलर’ ही त्यांपैकीं एक : रुंदी २ ते ३ फूट, उंची मात्र १० फुटांहून अधिक. हा अरुंदपणा कात्रीचा नव्हे. फांद्याच बुंध्याशीं लघुकोन करून वर चढतात. अशीं रूपें बागाइताच्या नशिबानें क्वचित् सांपडतात. आयर्लंडांतील खांबासारखा यू-वृक्ष अठराव्या शतकांत एका शेतकऱ्यास डोंगरावर मिळाला, आणि जगभरचे त्या जातीचे वृक्ष त्याच्याच छाटांचे वंशज आहेत. काश्मीरच्या रस्त्यांवर दिसणारा लाँबर्डी पॉपलरही असाच मूळ छाटांनींच पसरला. बियांपासून तो ठेवण राखील याचा भरंवसा नसतो. आपल्याकडील गृहसंकुलांच्या कुंपणाशीं शिपायांप्रमाणें उभा असलेला उंच अशोक पाहिला, म्हणजे या हौसेची कल्पना येते. मला स्वतःस त्यांत थोडा कवायतीचा वास येतो. तथापि जेथें दोन फूट जागा आहे तेथें दोन फुटांचें झाडच लावावें लागतें, आणि सर्वांगास फुलें लागलेला खांब भिंतीपेक्षां केव्हांही बरा.

तथापि हें थंड मुलुखाचें झाड आहे. हिंवाळ्यांत पानें झाडून तें झोपीं जातें. त्यास भरपूर ऊन व पाणी न साचणारी जमीन हवी. फूल नव्या फुटीवर येतें, म्हणून छाटणी हिंवाळा सरतांना करितात. वसंतांत मात्र सर्वांमागून त्यास पालवी फुटते. शेजारचीं झाडें हिरवीं झालीं तरी याच्या काड्या कोरड्याच दिसतात, आणि मेलें असें समजून तें उपटून टाकणारे बागवान युरोप-अमेरिकेंत दर वर्षीं कांहीं थोडे नसतात.