स्ताखोव्स्की, सेर्गी
(६ जानेवारी १९८६ – ). युक्रेनचे व्यावसायिक टेनिसपटू. जन्म कीव्ह येथे. २००८ मध्ये झाग्रेबच्या स्पर्धेत पात्रता फेरीत हरूनही, रिकाम्या झालेल्या जागी प्रवेश मिळून (अशा खेळाडूस ‘लकी लूझर’ म्हणतात) त्यांनी विजेतेपदच पटकावले. २०१० मध्ये ते जागतिक क्रमवारीत ३१ व्या स्थानी पोहोचले. तथापि त्यांची खरी थोरवी २०१३ च्या विंबल्डनमध्ये दिसली. तेव्हा ११६ व्या क्रमांकावर असलेल्या स्ताखोव्स्की यांनी, सर्व्हिस करताच जाळ्याकडे धावून चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच परतवण्याची मागे पडत चाललेली शैली चारही सेट निर्धाराने राबवून गतविजेते रॉजर फेडरर यांना दुसऱ्या फेरीत ६–७, ७–६, ७–५, ७–६ असे हरवले आणि ग्रँड स्लॅम स्पर्धांत सलग ३६ वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठण्याचा फेडरर यांचा क्रम खंडित केला. जानेवारी २०२२ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात रशियाने आक्रमण केल्यावर ते मायदेशी परतून संरक्षण दलात दाखल झाले.