खंडणीखोर फाईल : ओळखावी कशी, काढावी कशी?

संगणकातील फाईली कूटबद्ध करून, म्हणजेच कुलूपबंद करून, त्या उघडण्याच्या किल्लीसाठी पैसे मागणाऱ्या प्रोग्रामला 'रॅन्समवेअर' म्हणतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक वेठीस धरले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती न बसवलेले संगणक सापडले. जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर असाच हल्ला झाला आणि तेथील फाईलींच्या नावांना 'ईकिंग' हे शेपूट लागले. घरगुती संगणक व लहान कार्यालये यांना मात्र अधिक उपद्रव झाला तो 'स्टॉप' अथवा 'डीजेव्हीयू' या कुळाचा. महागडे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणाऱ्या 'क्रॅक' फाईलींतून तो प्रामुख्याने पसरतो.

संशयास्पद फाईल ओळखण्याच्या खुणा

विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, सहसा लपवून ठेवते. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाईल पडद्यावर केवळ 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते. फाईल एक्सप्लोररमधील 'व्ह्यू' मेनूतून 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय सुरू ठेवल्यास हे सोंग उघडे पडते. फाईलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे. नामांकित कंपनीचा म्हणवणाऱ्या प्रोग्रामला 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भागच नसेल, तर संशय बळावतो. फाईल कोठे आहे हेही पाहावे. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची स्वतःची फाईल 'सिस्टम ३२' फोल्डरात असते. त्याच नावाची फाईल 'डाउनलोड्स' किंवा 'टेम्प' फोल्डरातून चालत असेल, तर ती तोतया समजावी.

शंका असलेली फाईल 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर चढवल्यास अनेक अँटिव्हायरसचे अभिप्राय एकत्र मिळतात. तेथे दिलेली फाईल इतर संशोधकांनाही पाहता येते. म्हणून खासगी कागदपत्रे तेथे कदापि चढवू नयेत.

हल्ला सुरू झाल्यास

दस्तऐवज व छायाचित्रे उघडेनाशी होणे, त्यांच्या नावांना अनोळखी शेपूट लागणे आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी दिसणे, ही हल्ल्याची ठळक लक्षणे होत. सर्वप्रथम वायफाय बंद करावे, नेटवर्कची केबल काढावी, पेनड्राइव्ह व बाह्य हार्ड डिस्क अलग करावी. फाईलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील, तर संगणक तत्काळ बंद करणेच श्रेयस्कर. वाचलेल्या फाईली तरी सुरक्षित राहतात. चिठ्ठीचे व पडद्याचे छायाचित्र मोबाईलवर घ्यावे.

फाईल काढण्याचा क्रम

'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधील 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जावे व 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'चा ऑफलाइन स्कॅन निवडावा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच ही तपासणी होते. त्यामुळे दुष्ट प्रोग्रामला लपण्यास वाव राहत नाही. त्यानंतर 'फुल स्कॅन' करावा.

पुढे टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' यादी आणि 'टास्क शेड्युलर' तपासावे. स्टॉप कुळातील रॅन्समवेअर 'टाइम ट्रिगर टास्क' नावाची नोंद करून स्वतःला पुनःपुन्हा चालवतो. ती नोंद राहिली, तर नव्याने आणलेल्या फाईलीही कुलूपबंद होतात. म्हणूनच संगणक स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत बॅकअपची डिस्क जोडू नये. हाच प्रोग्राम 'होस्ट्स' फाईलीत फेरफार करून सुरक्षाविषयक संकेतस्थळे अडवतो; तीही पूर्ववत करावी. त्याच्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात. यास्तव बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष उपकरणावरून बदलावेत. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे. परंतु पुढील बाब ध्यानात घेतल्याशिवाय ते करू नये.

प्रोग्राम गेला, कुलूप राहिले

रॅन्समवेअर काढल्याने कुलूपबंद फाईली उघडत नाहीत. ही दोन कामे भिन्न आहेत. घाईने डिस्क पुसणाऱ्यांचे नुकसान येथेच कायमचे होते. कुलूपबंद फाईली व खंडणीची चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी, कारण आज नसलेली किल्ली उद्या उपलब्ध होऊ शकते. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस व सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अनेक कुळांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. स्टॉप कुळाच्या १४८ प्रकारांसाठी 'एमसिसॉफ्ट' कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये असे साधन दिले. नंतरच्या प्रकारांत चिठ्ठीतील ओळख क्रमांकाच्या शेवटी 'टी१' असल्यास, फाईली अनेकांसाठी समान असलेल्या किल्लीने बंद झालेल्या असतात. तेथे आशेला जागा असते. अन्यथा ती अत्यल्प.

स्टॉपची चिठ्ठी पूर्वी ९८० डॉलर मागत असे आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्म्या रकमेचे आमिष दाखवत असे. ही मुदत घाबरवण्यासाठीच असते. पैसे भरूनही किल्ली मिळेलच याची शाश्वती नसते. तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर, केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा सायबर पोलीस ठाण्यात नोंदवावी.

प्रतिबंध

महत्त्वाच्या फाईलींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम पाळावा. किमान एक प्रत संगणकापासून कायम अलग असावी. सतत जोडलेली डिस्क हल्ल्यात सापडते. विंडोजचे अपडेट वेळेवर बसवावेत, 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' सुरू ठेवावा आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा मोह टाळावा. 'हे बसवण्यासाठी अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा' अशी सूचना दिसली, की तेथेच थांबावे.