सभागृहातील ध्वनीचे मापन, स्पंदपद्धतीने

सभागृहात अत्यंत अल्पकाल टिकणारा ध्वनी, म्हणजे ध्वनिस्पंद, निर्माण केल्यास तो श्रोत्यापर्यंत प्रथम सरळ मार्गाने पोहोचतो. त्यानंतर भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेले त्याचे असंख्य अंश निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या तीव्रतेने येतात आणि अखेरीस विरून जातात. या संपूर्ण क्रमाच्या आलेखास त्या जागेचा स्पंद-प्रतिसाद म्हणतात. ध्वनीचा उगम व श्रोता यांची स्थाने ठरलेली असता, त्या दोहोंच्या दरम्यान ध्वनीवर होणारा सभागृहाचा सर्व परिणाम या प्रतिसादात सामावलेला असतो.

या मापनाचा प्रारंभ मात्र स्पंदाने नव्हे, तर एकाएकी थांबविलेल्या स्वराने झाला. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द एकमेकांत मिसळून जात. त्यावर उपाय शोधण्याचे काम १८९५ मध्ये वॉलेस क्लेमंट सॅबिन (१८६८–१९१९) या अमेरिकन भौतिकीविज्ञांकडे आले. मध्यरात्रीनंतरच्या शांततेत त्यांनी दर सेकंदास ५१२ कंपने असलेली ऑर्गनची नळी वाजवून थांबविली व स्वर ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजला. तो रिकाम्या दालनात सुमारे ५.६ सेकंद भरला. सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्यावर तो एका सेकंदाच्या जवळपास आला. निनादकाल (ध्वनीची ऊर्जा एक दशलक्षांश होण्यास लागणारा काळ) जागेच्या घनफळाच्या सम प्रमाणात व एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम १९०० साली उघडलेल्या बॉस्टन सिंफनी हॉलच्या रचनेत उपयोगी पडला. पुढे १९१३ मध्ये त्यांनी नाट्यगृहांच्या लहान प्रतिकृतींत विद्युत् ठिणगीने स्पंद निर्माण करून त्याच्या तरंगांची छायाचित्रे प्रसिद्ध केली.

केवळ निनादकाल पुरेसा नसतो, याचा प्रत्यय न्यूयॉर्कमधील फिलहार्मॉनिक हॉलने दिला. १९६२ मध्ये उघडलेल्या या सभागृहात मंद्र स्वर दुर्बल वाटतात, अशी तक्रार झाली. बेल प्रयोगशाळांतील मान्‌फ्रेट श्रोडर (१९२६–२००९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पकालिक स्वरस्पंद व अंकीय संगणक यांच्या साहाय्याने तेथे मापने केली. छताखाली टांगलेली परावर्तक फलके कमी कंप्रतेचा ध्वनी पुरेसा परत पाठवीत नाहीत, असे त्यांत आढळले. दोषाचे निदान झाले, तरी निवारण सोपे नव्हते. सभागृहाचा अंतर्भाग १९७६ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये नव्याने बांधावा लागला. श्रोडर यांनी १९६५ मध्ये असेही दाखविले की, स्पंद-प्रतिसादाच्या वर्गाचे उलट्या कालक्रमाने संकलन केल्यास अनेक चाचण्यांच्या सरासरीइतका नितळ ऱ्हासवक्र एकाच मापनातून मिळतो.

प्रत्यक्ष स्पंदाची अडचण त्याच्या अल्पकालिकतेतच आहे. पिस्तुलाचा कोरा बार किंवा फुगा फोडल्याचा आवाज दर वेळी सारखा नसतो व त्यात मंद्र कंप्रतांची ऊर्जा कमी असते. ध्वनिक्षेपकातून क्षणभरात फार मोठी ऊर्जा सोडणेही शक्य नसते. म्हणून ऊर्जा दीर्घ काळात विभागून देणारे संकेत वापरून गणिताने स्पंद-प्रतिसाद काढण्याची युक्ती पुढे आली. १९७९ मध्ये श्रोडर यांनी यासाठी यादृच्छिक भासणारी, परंतु निश्चित क्रमाची द्विमूल्य श्रेणी सुचविली. इटलीतील आंजेलो फारिना यांनी २००० मध्ये कंप्रता घातांकी रीतीने चढत जाणाऱ्या स्वराची पद्धत मांडली. तीत ध्वनिक्षेपकाची स्वरविकृती मुख्य प्रतिसादापासून वेगळी पडते. त्यामुळे साधा संगणक, ध्वनिक्षेपक, ध्वनिग्राहक व योग्य आज्ञावली एवढ्यावर हे मापन होऊ लागले. निनादकालाबरोबरच पहिल्या ८० मिलिसेकंदांतील व त्यानंतरच्या ऊर्जेच्या गुणोत्तरावरून संगीताची सुस्पष्टताही ठरविता येते.

व्हेनिसमधील ला फेनीचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ रोजी आगीत भस्मसात झाले. त्यापूर्वी तेथील स्पंद-प्रतिसाद दोन्ही कानांच्या स्थानी ध्वनिग्राहक ठेवून नोंदविण्यात आले होते. संगणकात एखाद्या कोरड्या ध्वनिमुद्रणाशी अशा प्रतिसादाचा संयोग केल्यास ते संगीत त्या जागेत कसे ऐकू आले असते, हे कळते. वास्तू २००३ मध्ये पुन्हा उभी राहिली. जळालेल्या वास्तूचा नाद मात्र या नोंदींतच शिल्लक आहे.