कोळशाच्या गावाने जिंकलेला आणि गहाण पडलेला चषक

युव्हेंटस ६-१ ने हरले. ठिकाण त्यांचेच तुरिन शहर, तारीख १७ एप्रिल १९११. समोरचा संघ इंग्लंडच्या ईशान्य भागातील एका खेड्यातून आला होता आणि त्यातील बहुतेक खेळाडू कोळशाच्या खाणीत काम करणारे होते. त्या खेड्याचे नाव वेस्ट ऑकलंड. या विजयाने 'सर थॉमस लिप्टन चषक' कायमचा त्यांच्या मालकीचा झाला. मात्र हा चषक पुढे सुमारे अर्धे शतक एका खानावळवाल्या बाईकडे गहाण पडून होता. जिंकलेली वस्तू गहाण का पडली, हा या थ्रेडचा विषय.

प्रथम भूगोल. डरहॅम परगणा म्हणजे त्या काळी कोळशाचे आगर. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील खाणींत दीड लाखाहून अधिक माणसे राबत होती. खाण आली की तिच्याभोवती विटांच्या घरांच्या रांगा, एक प्रार्थनाघर, एक-दोन दारूचे गुत्ते आणि फुटबॉलचे मैदान, अशी गावे उभी राहत. बिशप ऑकलंड या बाजारपेठेच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवरचे वेस्ट ऑकलंड हे त्यांपैकीच एक. खाणीतले जीवित किती स्वस्त होते, याची कल्पना एका घटनेवरून येते. १६ फेब्रुवारी १९०९ रोजी याच परगण्यातील वेस्ट स्टॅन्ली येथील खाणीत स्फोट झाला आणि १६८ माणसे व मुले मरण पावली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा वेस्ट ऑकलंडचा संघ तुरिनच्या गाडीत बसला.

आता चषक देणारा. थॉमस लिप्टन म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा चहा भारतातही घरोघरी पोहोचला. ग्लासगोच्या गरीब घरात जन्मलेल्या या माणसाने किराणा दुकानांची साखळी उभारली, सिलोनमध्ये मळे विकत घेतले आणि चहा थेट ग्राहकाच्या हाती दिला. जाहिरात त्याच्या रक्तात होती. खेळांना चषक देणे हा त्याच कलेचा एक भाग. स्वतः त्याने 'अमेरिका कप' या नौकाशर्यतीसाठी पाच वेळा आव्हान दिले आणि पाचही वेळा तो हरला.

१९०९ च्या तुरिनमधील स्पर्धेत चार संघ होते : इटलीतर्फे तुरिनमधील क्लबांचा संयुक्त संघ, जर्मनीचा स्टुटगार्ट स्पोर्टफ्रॉइंड, स्वित्झर्लंडचा विंटरथूर आणि इंग्लंडतर्फे वेस्ट ऑकलंड. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपला अधिकृत संघ पाठवण्यास नकार दिला होता. मग निमंत्रण या खेड्याकडे कसे वळले? येथे एक दंतकथा येते आणि ती इतकी गोड आहे की ती सोडायला कोणी तयार नसते. लिप्टनच्या कचेरीला म्हणे वूलिच आर्सेनल हा लंडनचा नामवंत व्यावसायिक संघ हवा होता, 'डब्ल्यू. ए.' या आद्याक्षरांमुळे पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला गेले. या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही. दोन क्लबांच्या पत्त्यांत एवढे अंतर असताना केवळ दोन अक्षरांवरून असा घोटाळा व्हावा, हे पटणेही कठीण आहे.

शिवाय या दंतकथेत एक सूक्ष्म अपमान दडलेला आहे. खाणकामगारांना बोलावणे आले ते चुकूनच आले असणार, असे ती गृहीत धरते. वस्तुस्थिती वेगळी होती. इंग्लंडचा ईशान्य कोपरा हा हौशी फुटबॉलचा बालेकिल्ला होता. बिशप ऑकलंड, स्टॉकटन, क्रुक टाऊन या शेजारच्या क्लबांनी तोपर्यंत राष्ट्रीय हौशी चषक जिंकलेले होते. त्यांच्या 'नॉर्दर्न लीग'मध्ये वेस्ट ऑकलंडचा संघ दुबळ्यांत मोडत असे, हे खरे. पण त्या लीगमधील दुबळेपणासुद्धा युरोपच्या मानाने बरेच बळ होते. क्रुकचा एक तरुण, जॅक ग्रीनवेल, १९०९ मध्ये वेस्ट ऑकलंडकडून पाहुणा म्हणून खेळल्याचे सांगतात. तो १९१२ मध्ये बार्सिलोनाकडे गेला, पुढे त्या क्लबचा प्रशिक्षक झाला आणि १९३९ मध्ये त्याच्याच मार्गदर्शनाखाली पेरूने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. या कोळसापट्ट्यातून फक्त कोळसाच बाहेर जात होता असे नाही.

निकाल साधे आहेत. उपांत्य सामन्यात स्टुटगार्टवर २-० आणि १२ एप्रिल १९०९ रोजी अंतिम सामन्यात विंटरथूरवर २-०. तो ईस्टरचा सोमवार होता. १९११ चा अंतिम सामनाही ईस्टरच्याच सोमवारी झाला. त्या वेळी उपांत्य फेरीत झ्यूरिख २-० ने पराभूत झाले होते. सुटीच्या दिवसांत स्पर्धा असणे आयोजकांना सोयीचे होते. खाणकामगाराच्या दृष्टीने मात्र इंग्लंडहून आगगाडी, बोट आणि पुन्हा आगगाडी असे तुरिन गाठून परत यायचे, म्हणजे सुटीपलीकडच्या कित्येक पाळ्या बुडणार.

येथेच 'हौशी' या शब्दाचा खरा अर्थ तपासावा लागतो. असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे हौशी खेळाडूला प्रवास आणि मुक्कामाचा प्रत्यक्ष खर्च घेता येई, त्यापलीकडे काही नाही. विद्यापीठातून आलेल्या सुखवस्तू खेळाडूला हा नियम शिष्टाचाराचा वाटे. (युव्हेंटसची स्थापनाही १८९७ मध्ये एका प्रतिष्ठित शाळेतल्या विद्यार्थ्यांनीच केली होती.) पाळीवर मजुरी मिळवणाऱ्याला तोच नियम दंडासारखा होता : बुडालेली मजुरी बुडालेलीच. आणि जो प्रवासखर्च घेण्यास परवानगी होती, तो द्यायला वेस्ट ऑकलंडच्या क्लबकडे पैसा नव्हता. खेळाडूंनी घरातील वस्तू विकून किंवा गहाण ठेवून तुरिनचे भाडे जमवले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दोन अक्षरांच्या दंतकथेपेक्षा ही आठवण अधिक विश्वसनीय वाटते, कारण पुढे क्लबनेही नेमके तेच केले.

सलग दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा मिळाला, तो घेऊन संघ घरी आला आणि कर्जही बरोबर आले. देणेकऱ्यांना भागवण्यासाठी क्लबने आपले ठाणे असलेल्या 'व्हीटशीफ' या खानावळीच्या मालकिणीकडून ४० पौंड घेतले आणि चषक तिच्या हवाली केला. ४० पौंड म्हणजे ८०० शिलिंग. डरहॅममध्ये कोळसा फोडणाऱ्याला तेव्हा पाळीमागे साधारण पाच-सहा शिलिंग मिळत. एका कामगाराने जवळजवळ अर्धे वर्ष भूगर्भात घालवून मिळवलेली ती सगळी कमाई झाली. लिप्टनच्या चषकाची किंमत कोळशाच्या हिशेबात अशी येते. १९१२ च्या वसंतात किमान वेतनासाठी देशभरातील सुमारे दहा लाख खाणकामगार संपावर गेले. अशा दिवसांत क्लबसाठी वर्गणी कोण आणि कोठून देणार? त्याच सुमारास मूळ क्लब मोडला. काही काळाने तो 'वेस्ट ऑकलंड टाऊन' या नावाने पुन्हा उभा राहिला.

चषक १९६० पर्यंत परत आला नाही. त्या वर्षी गावाने १०० पौंड जमवून तो सोडवला. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, हा क्लब हौशी चषकाच्या अंतिम सामन्यासाठी वेम्ब्लीवर पोहोचला आणि वॉल्थमस्टो अ‍ॅव्हेन्यूकडून १-२ असा हरला. पण तेव्हा गावांचे दिवस फिरलेले होते. परगण्याच्या १९५१ च्या विकास आराखड्यात शंभराहून अधिक खाणवस्त्यांना 'ड' वर्ग देण्यात आला होता. म्हणजे तेथे नवी गुंतवणूक करायची नाही, वस्ती हळूहळू संपू द्यायची. खाणी एकेक करून बंद होत गेल्या. डरहॅम कोळसापट्ट्यातील शेवटची खोल खाण, संडरलँडची वेअरमाउथ, डिसेंबर १९९३ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज संडरलँड क्लबचे स्टेडियम आहे.

त्यानंतर महिनाभराने, जानेवारी १९९४ मध्ये, वेस्ट ऑकलंडच्या कामगार क्लबातून लिप्टन चषक चोरीला गेला. तो आजतागायत सापडलेला नाही.

या चषकाला 'पहिला विश्वचषक' म्हणण्याची प्रथा आहे. १९८२ च्या एका दूरचित्रपटाने हे नाव लोकप्रिय केले. इतिहास म्हणून ते टिकत नाही : राष्ट्रीय संघ नव्हते, युरोपबाहेरचे कोणी नव्हते आणि आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, तुरिनमध्ये अशीच एक आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धा होऊन गेली होती. तरीही गावकऱ्यांनी हे नाव सोडलेले नाही आणि त्यांना त्याबद्दल फारसा दोष देता येत नाही. २०१३ मध्ये त्या विजयाचे स्मारकशिल्प गावात उभे राहिले. क्लबही चालू आहे. २०१२ आणि २०१४ मध्ये तो लहान क्लबांसाठीच्या 'एफए व्हाझ' स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन दोन्ही वेळा हरला. चोरीनंतर चषकाची हुबेहूब प्रतिकृती घडवून घेण्यात आली. ती गावातच आहे.