शिवनेरीच्या कड्यावरील फूल



रानांतील झाड ओळखण्याच्या आपल्या रीति पुष्कळ आहेत. वैद्य मुळी हुंगतो, गुराखी पान चुरगाळून पाहतो, आणि शहरांतला मनुष्य रंग पाहून कांहींतरी नांव ठोकून देतो! शास्त्राला एवढ्या खुणा पुरत नाहींत. स्वीडनमधील लिनीअस यानें १७३५ सालीं मुख्यतः फुलांतील पुंकेसर मोजून वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. रीत सोपी, परंतु केसरांची संख्या जुळली म्हणजे नातें जुळलेंच, असें नव्हे.

मुंबई इलाख्यांत जॉन ग्रॅहम या टपालखात्यांतील अधिकाऱ्याची वनस्पतियादी १८३९ सालीं निघाली. ती पुरी होण्यापूर्वींच तो वारला. १८६१ सालीं डॅलझेल व गिब्सन यांचा ग्रंथ झाला. पैकीं डॅलझेलची एक ओळख मोठी मनोरंजक आहे.

शिवनेरी म्हटली कीं आपणांस १६३० साल आठवतें. त्याच गडाच्या कड्यांत शिंदळ माकडी नांवाची एक मांसल वनस्पति वाढते. पावसाळ्यांत तिला चांगलीं रुंद पानें येतात, कोरड्या दिवसांत तीं गळतात. फूल पांच खंडांचें, तांबूस-जांभळें, वर पिवळे ठिपके. आंत पाहावें तर पुंकेसर सुटे नाहींतच! ते कुक्षीशीं एकजीव झालेले, आणि पराग धुळीसारखे न उडतां मेणचट गोळ्यांत बांधलेले. हीच रचना रुईच्या फुलांत आहे. रुई कोठेंही मिळते. भिंगानें अवश्य पाहावी, चीक मात्र डोळ्यांस लागूं देऊं नये.

म्हणजे ही रुईची आप्त ठरली. पण त्याच गोतांतील माकडशिंगाला पानें जवळजवळ नसतातच, व खोड कंगोरेदार असतें. हिला खरीं पानें, खोड गोल. डॅलझेलनें हिची स्वतंत्र प्रजाति मानली आणि मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' हें नांव दिलें.

पान मोठें कीं फूल? वाद येथेंच आहे. १९५८ सालीं रोली यानें फ्रेरियाला माकडशिंगाच्या 'कॅरालुमा' प्रजातींत घातलें. पुढें ती 'बूसेरोशिया'मध्यें गेली. जुनें नांवही अनेकजण सोडीत नाहींत. खुद्द रुईचें कुळ रॉबर्ट ब्राऊननें १८१० च्या सुमारास निराळें काढलें होतें; १९९८ च्या नव्या वर्गीकरणांत तें पुन्हां कण्हेरीच्या कुळांत मिसळलें. माझा कल फुलाकडे आहे. पान हवापाण्यापुढें लवकर वांकतें, फूल जुनें नातें धरून ठेवतें.

श्रावण-भाद्रपदांत गडावर जाल तेव्हां कड्याकडे दुर्बीण लावावी. रोप मात्र उपटूं नये. महाराष्ट्रांतील सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांखेरीज तें जगांत कोठेंही आपोआप उगवत नाहीं.